असेंब्लीच बदलावी लागेल, सर!

टक्. टक्-टक्. टक्.

गेले दोन महिने हा आवाज माझ्या डोक्यात आहे. खरं तर गाडीत आहे असं म्हणायला हवं, पण दोन महिन्यांनंतर त्यात फारसा फरक राहत नाही. ड्रायव्हरच्या दाराचं आतलं प्लास्टिकचं पॅनेल, त्याचा खालचा पुढचा कोपरा, स्पीकरच्या जवळ. तिथे पेन्सिल जाईल एवढी फट पडली होती. हिंजवडीच्या रस्त्यावर प्रत्येक स्पीडब्रेकरला (तिथे स्पीडब्रेकर कुठला आणि खड्डा कुठला हे ओळखणं अवघडच, पण असो) हे पॅनेल दाराच्या पत्र्यावर आपटायचं. आधी मी गाण्याचा आवाज वाढवला. मग फटीत घडी घातलेलं पार्किंगचं तिकीट कोंबलं. मग बायको म्हणाली, "अरे, एकदाचं दाखव ना कुणाला तरी!"

दाखवलं. अर्धा दिवस रजा टाकून अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठलं. तिथल्या गारेगार लाउंजमध्ये मशीनची कॉफी पीत सव्वादोन तास बसलो. मग हातात टॅब्लेट घेतलेला एक अत्यंत सुसंस्कृत तरुण आला. त्याने पॅनेलच्या कोपऱ्यावर अंगठा दाबून दार हलवलं. आवाज बंद. अंगठा काढून पुन्हा हलवलं. टक्.

"सर, क्लिपा गेल्यात. क्लिप वेगळी येत नाही. पॅनेल असेंब्लीच बदलावी लागेल."

किती?

"पार्टचे आठ हजार सहाशे चाळीस, लेबर बाराशे. टॅक्स वेगळा."

खोटं कशाला बोलू, मी 'करून टाका' म्हणणारच होतो. सही करायला बोट टॅब्लेटपर्यंत गेलंही होतं. तेव्हा कुठलं तत्त्व वगैरे आठवलं नाही. आठवला तो अंगठा. जो आवाज एका अंगठ्याने बंद होतो, तो बंद करायला दहा हजार रुपये? "कळवतो" म्हटलं आणि टक्-टक् करत घरी आलो.

घरी आल्यावर राग आला. त्या तरुणाचा नाही, तो बिचारा टॅब्लेटवर जे दिसतं ते सांगणार. राग माझा स्वतःचा आला. आणि माफ करा, तुमचाही आला.

आता बघा, आपण कोण? दुसऱ्या कुणीतरी आठ वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला, एकही कॉमेंट नसलेला कोड उघडून त्यात नेमकं कुठे काय ढिलं झालंय ते शोधणारी माणसं. पगार मिळतो तो याचाच. उद्या टीममधला एखादा ज्युनिअर आला आणि म्हणाला, "एक फंक्शन नीट चालत नाहीये, सगळं मॉड्यूल नव्याने लिहावं लागेल", तर आपण काय म्हणू? म्हणू, "बाबा रे, आधी उघडून बघितलंस का? लॉग पाहिलेस का?" ओपन सोर्सवर आपण कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत भांडतो. ज्याचा सोर्स दिसत नाही त्या सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवू नये म्हणतो. आणि स्वतःच्या पैशांनी (बरं, बँकेच्या पैशांनी) घेतलेल्या गाडीच्या दारामागे काय आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. सात वर्षं त्या दाराला कोपर टेकवून बसलोय मी. आत काय आहे? माहीत नाही. माहीत करून घ्यावंसंही वाटलं नाही.

तर शनिवारी सकाळी उघडलं.

ज्यांनी कधीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. गाडीच्या आतलं जे काही प्लास्टिक दिसतं, म्हणजे दारांची पॅनेलं, खांबांवरची आवरणं, डिकीची झाकणं, ते पत्र्याला चिकटवलेलं नसतं. एक-दोन स्क्रू असतात आणि बाकी सगळा भार नायलॉनच्या किंवा तत्सम प्लास्टिकच्या क्लिपांवर. पॅनेलच्या मागे खाचा असतात, क्लिपेचं डोकं त्या खाचेत बसतं आणि तिचं टोक पत्र्यातल्या भोकात दाबलं की आत जाऊन फुलतं. बास, एवढंच तंत्रज्ञान आहे. हे सुटायचं मुख्य कारण ऊन. उन्हाळ्यात बंद गाडी उघड्यावर उभी केली की आतला डॅशबोर्ड साठ-सत्तर अंशांपर्यंत तापतो, रात्री थंड होतो. प्लास्टिक आणि पत्रा सारखे प्रसरण पावत नाहीत. वर्षानुवर्षं ही ओढाताण चालली की क्लिपा कडक होतात आणि एक दिवस मोडतात. क्लिप ही मोडण्यासाठीच केलेली वस्तू आहे. पॅनेल वाचावं म्हणून ती मोडते. म्हणजे दहा रुपयांची वस्तू नऊ हजारांच्या वस्तूला वाचवायला केलेली, आणि ती मोडली म्हणून आपण नऊ हजारांची वस्तू फेकून द्यायची!

लागणारं सामान: एक चांगला फुलीचा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, मास्किंग टेप आणि प्लास्टिकची उचकटणी. (उचकटणी चार-पाच आकारांच्या संचात मिळते. लोखंडी स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, रंगावर आणि प्लास्टिकवर कायमची खूण राहते. मला कसं माहीत? विचारू नका.) दाराच्या आतल्या हँडलच्या मागे नखाएवढं झाकण, त्याखाली पहिला स्क्रू. दार ओढायच्या खोबणीत दुसरा. ते काढले आणि पॅनेल वरून ओढायला लागलो. हलेना.

आता इथे एक गंमत सांगतो. पार्किंगमध्ये जमिनीवर बसलेला मी बघून येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारत होता, "काय हो, गाडी बंद पडली का?" बी विंगमधल्या एका काकांनी तर मेकॅनिकचा नंबरही देऊ केला. शिकलासवरलेला माणूस जमिनीवर बसून हातात पाना धरतो म्हणजे काहीतरी संकट आलेलं असणार! हौसेने कुणी करत असेल ही शंकासुद्धा येत नाही.

फक्त आमचे वॉचमन काका खुर्चीवरून उठून आले, दोन मिनिटं शांतपणे बघत राहिले आणि म्हणाले, "खालून घ्या साहेब. वरची कड काचंपाशी अडकवल्याली असती. वरून वढलं तर मोडतंय."

खालून घेतलं. क्लिपेच्या अगदी शेजारी उचकटणी सरकवली, हलकेच पिरगाळली, टप्. दुसरी, टप्. तिसरी मी घाई केली, मोडली. मग सगळं पॅनेल वर उचललं आणि निघालं. (काचेच्या बटणांची वायर असते, तिचा कनेक्टर खटका दाबून काढायचा, वायर धरून ओढायची नाही. हँडलची केबलही आकड्यातून सोडवायची.) काकांना विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?" म्हणाले, लातूरला दोन वर्षं गॅरेजमध्ये होते. मग सोडलं. "पैसं पुरत नव्हतं." आता ते बारा तास गेटवर बसून डिलिव्हरीवाल्यांच्या नोंदी करतात. ज्याला काम येतं तो वहीत नोंदी करतोय आणि ज्याला येत नाही तो व्हिडिओ बघून क्लिपा मोडतोय. यावर तुम्हीच काय ते म्हणा.

आणि आता मुख्य मुद्दा. पॅनेल उलटं करून मोजलं. नऊ क्लिपांच्या जागा. एक आत्ता मी मोडलेली. पाच शाबूत. आणि तीन जागा रिकाम्या! मोडलेल्या क्लिपा असत्या तर तुकडे खाचेत दिसले असते, नाहीतर टोकं पत्र्याच्या भोकात अडकलेली सापडली असती. काहीही नाही. एकदम स्वच्छ. एका खाचेची कड मात्र तडकलेली, कुणीतरी जोर लावून ओढल्यासारखी. शिवाय दाराच्या पत्र्यावर आतून जो प्लास्टिकचा कागद असतो तो एका कोपऱ्यात टराटरा फाडून वर खाकी पॅकिंग टेप लावलेली.

हा कागद फालतू दिसतो, पण फार कामाचा. पावसाचं पाणी काचेवरून दाराच्या पोटात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते केबिनमध्ये येऊ नये म्हणून हा कागद काळ्या चिकट पट्टीने चिकटवलेला असतो. तो फाटला की पाणी आत. मागच्या पावसाळ्यात माझ्या पायाखालची मॅट रोज ओली का व्हायची याचं उत्तर मला फाल्गुनात मिळालं. तोवर मी बूट बदलून बघितले होते.

मग आठवलं. गेल्या वर्षी याच दाराची काच अडकत होती म्हणून हेच दार उघडलं गेलं होतं. कुठे, ते सांगायला नकोच. सिद्ध करता येणार नाही, मान्य. पण मी त्या टॅब्लेटवर सही केली असती तर काय झालं असतं? ज्यांनी तीन क्लिपा परत लावल्या नाहीत असा मला दाट संशय आहे, त्यांनाच मी त्या तीन क्लिपांसाठी दहा हजार दिले असते. वर 'फीडबॅक'मध्ये पाच तारेही दिले असते, कॉफी बरी होती म्हणून. मुख्य म्हणजे पॅनेल उघडून कुणी पाहिलंच नव्हतं. अंगठा दाबून निदान झालं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. प्रत्येकाने मेकॅनिक व्हावं असं नाही, पण प्रत्येकाने एकदा तरी उघडून बघावं. ज्याने आतली वस्तू कधी पाहिलीच नाही, त्याला बिल वाचता येत नाही. त्याला फक्त बिल भरता येतं.

दुपारी जुनी क्लिप खिशात टाकून स्कूटरवर नाना पेठेत गेलो. दुकानदाराने क्लिप दोन बोटांत धरून उजेडात फिरवली, मागच्या फळीवरचा एक खण ओढला आणि दहा क्लिपांची पुडी समोर टाकली. शंभर रुपये. "वेगळी येत नाही" ती हीच क्लिप. संध्याकाळी घरी येऊन तडकलेल्या खाचेचं बघितलं. इथे एक उपयोगी गोष्ट: पॅनेलच्या मागच्या बाजूला ते कशाचं बनलंय ते साच्यातच कोरलेलं असतं. पीपी म्हणजे पॉलीप्रॉपिलीन, एबीएस म्हणजे एबीएस. एबीएसला दोन ट्यूबवाला इपॉक्सी चांगला धरतो. पॉलीप्रॉपिलीनवर साधा झटपट गोंद टिकत नाही, दोन दिवसांत पापुद्रा सुटतो, वर आजूबाजूला पांढरी भुकटी धरते ती वेगळीच. माझं पीपी निघालं. म्हणून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात घेतलेलं सोल्डरिंग आयर्न माळ्यावरून काढलं आणि खिडक्या उघड्या ठेवून तडा वितळवून सांधला. दिसतो भयंकर. पण तो मागच्या बाजूला आहे आणि धरलंय. कागद ब्युटाइलच्या पट्टीने नीट चिकटवला, जिथे पॅनेल पत्र्याला घासत होतं तिथे फेल्टची पट्टी लावली, चार नव्या क्लिपा बसवल्या, आधी वरची कड अडकवून मग तळहाताने एकेक ठोकली. टप्, टप्, टप्. सगळा खर्च साडेतीनशेच्या आत, उचकटणी धरून.

आता तुमचे आक्षेप. मला पाठ आहेत, कारण गेली दहा वर्षं तेच माझेही होते.

पहिला: "माझ्या तासाची किंमत जास्त आहे." हे वाक्य आपल्याकडे फार हुशार समजलं जातं. पण शनिवारी सकाळचा तुमचा तास नक्की कोण विकत घेतंय? कुणीही नाही. तो तुम्ही मोबाईल खाली-वर सरकवण्यात घालवणार होता. आणि अर्ध्या दिवसाची रजा, जाणं-येणं, लाउंजमधले सव्वादोन तास, ते कुठल्या हिशेबात धरता?

दुसरा: "आपण सगळंच करायला लागलो तर गरीब मेकॅनिकने खायचं काय?" किती कळवळा हा! माझ्या अंदाजपत्रकात आठ हजार सहाशे चाळीस प्लास्टिकचे होते आणि बाराशे कामाचे. त्यातले काम करणाऱ्या पोराच्या हातात किती पडणार होते कुणास ठाऊक. कळवळा असेल तर कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला 'पार्ट बदलू नका, दुरुस्त करा आणि मजुरी नीट लावा' असं सांगा. पण तेही सांगायला दुरुस्त होतं हे आधी माहीत हवं. गाडीच्या छताचं कापड लोंबायला लागलं की मी स्वतः हात लावणार नाही. त्या कापडामागच्या फोमचा उष्णतेने आणि दमटपणाने भुगा होतो, तो खरवडून नवं कापड सुरकुती न पडता लावणं हे कसबी माणसाचं काम. त्याला मी आनंदाने पैसे देईन, कारण तो कशाचे पैसे घेतोय हे मला कळेल.

तिसरा: "वॉरंटी जाईल." इथे थोडा इतिहास. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कशासाठी? सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती-अवजारं बाहेरच्या गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून. बाहेर दुरुस्ती केली की सरसकट वॉरंटी रद्द, अशी अटही घालू नका असं आयोगाने त्याच आदेशात बजावलं. पुढे अपिलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, त्या होणारच. २०२२ च्या जुलैमध्ये ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं आणि मोबाईलसोबत मोटारीही होत्या, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टलही सुरू झालं. म्हणजे हक्क मिळावा म्हणून कुणीतरी भांडतंय. पण ज्या हक्काचा वापर करायला कुणी जमिनीवर बसायलाच तयार नाही, तो कागदावर असून उपयोग काय?

चौथा आक्षेप मात्र मला शंभर टक्के मान्य: "काहीतरी भलतंच बिघडेल." बिघडू शकतं. म्हणून एक लक्ष्मणरेषा. स्टिअरिंग, डावीकडचा डॅशबोर्ड, काचेलगतचे खांब, छताची कड आणि सीटची बाजू, जिथे जिथे एअरबॅग किंवा एसआरएस असं लिहिलंय किंवा पिवळा कनेक्टर दिसतोय, तिथे आपण हात लावायचा नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, आता कित्येक गाड्यांत सहा असतात आणि त्यातल्या पडद्यासारख्या उघडणाऱ्या दोन छताच्या कडेला, खांबांच्या आवरणालगत घडी घालून ठेवलेल्या असतात. तिथलं आवरण पापणी लवायच्या आत बाजूला व्हावं अशाच बेताने क्लिपा केलेल्या असतात. ते ढिलं झालं म्हणून कुणी तिथे गोंद ओतला तर आवाज जाईल, पण अपघातात ती पिशवी नीट उघडेलच याची खात्री राहणार नाही. तिथे मूळ क्लिप आणि जाणकार माणूसच हवा. कुठे थांबायचं हेसुद्धा आत बघितल्यावरच कळतं.

आणि आता जे खरं बोलायचंय ते. आपल्याला येत नाही म्हणून आपण करत नाही, हे साफ खोटं आहे. आपल्याला ते कमी दर्जाचं वाटतं. डोक्याने काम करणारा वर आणि हाताने काम करणारा खाली, ही उतरंड आपल्याकडे किती जुनी आहे आणि ती कुणी कुणासाठी बांधली, हे मी सांगायला नको. आपण फक्त तिला नवं नाव दिलंय, 'माझ्या तासाची किंमत'. दरवर्षी खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो. हापिसात लॅपटॉपला हळदकुंकू वाहतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो, त्याचा फोटो काढतो. आणि घरात पूजेला ठेवायला एक धड पक्कड नसते! माझे वडील बँकेत होते, कारकून. रविवारी स्कूटर आडवी करून प्लग साफ करायचे आणि हात धुऊन जेवायला बसायचे. बोर्नव्हिटाच्या जुन्या डब्यात त्यांचे स्क्रू, वायसर आणि नटबोल्ट असायचे. मी चौथीत असताना मला त्या डब्याची लाज वाटायची, मित्रांकडे सगळं नवं यायचं म्हणून. आता तो डबा शोधतोय, सापडत नाहीये. बहुधा घर बदलताना मीच टाकला.

असो. सोमवारी हिंजवडीला गेलो. दार गप्प होतं. आणि दार गप्प झाल्यामुळे कळलं की डॅशबोर्डच्या मधोमध, एसीच्या जाळीमागे, अजून काहीतरी किरकिरतंय. तो पुढचा शनिवार.

चार क्लिपा वापरल्या, सहा उरल्यात, नव्या डब्यात ठेवल्यात. कुणाला लागल्या तर सांगा, फुकट देईन. पॅनेल मात्र तुमचं तुम्ही उघडायचं.